लोखंडी मुहूर्तमेढ

हेरंब हे लिहिणारच नव्हता. झालं ते झालं, शेड उभी आहे, विषय संपला, असं त्याचं म्हणणं होतं. पण मग सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी शेडचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'मराठी लोगों की पतंग'. त्यावर हसणारे चेहरे पडायला लागले ते पडतच राहिले, आणि त्यातले काही चेहरे चक्क मराठी होते. तेव्हा त्याने लॅपटॉप ओढला. खोटी हकीकत फिरतेच आहे, तर खरीसुद्धा कुठेतरी असू दे. फक्त 'मी असं केलं, मी तसं केलं' लिहिलं की ते माफीपत्र वाटायला लागतं. माफी तर तो मागणार नाहीये. म्हणून तो स्वतःला हेरंबच म्हणणार आहे.

तर, ढोल.

पथकाचे ढोल सोसायटीच्या बेसमेंटमध्ये, वैभवीच्या पार्किंगच्या जागेत होते. वैभवीची गाडी बाहेर रस्त्यावर, उन्हात, आणि ढोल आत सावलीत. यावरून ती बाई कशी आहे ते समजून घ्या. दिल्लीत आली त्या वर्षी तिने पहिलं विसर्जन बघितलं, डीजेच्या ट्रकमागून चालत, आणि घरी येऊन रडली. दुसऱ्या वर्षी तिने नाशिकहून ढोल आणले. आयटीवाले, बँकवाले, यूपीएससीची तयारी करणारी पोरं, ज्याला ज्याला गावची आठवण येत होती त्याच्या कमरेला तिने ढोल बांधला. हेरंबच्याही बांधला. त्याआधी त्याचा तालाशी संबंध फक्त कीबोर्डपुरता होता.

यंदा सोसायटीच्या नव्या अध्यक्षांनी नोटीस काढली. बेसमेंटमध्ये वाद्यं ठेवल्याने आगीचा धोका आहे, तरी महिन्याच्या शेवटच्या रविवारपर्यंत हलवावीत. आता ढोल आपण होऊन पेट घेतो हे कुठल्या शास्त्रात आहे ते अध्यक्षांनाच ठाऊक. त्याच बेसमेंटमध्ये त्यांचे स्वतःचे जुने सोफे, गाद्या आणि दिवाळीचे उरलेले फटाके आहेत. पण ती वाद्यं नाहीत.

तात्याराव आणि कुमुदिनीकाकूंच्या घरी मीटिंग झाली. तात्याराव म्हणजे कोपर्निकस मार्गावरच्या सरकारी अतिथिगृहात आख्खी नोकरी काढलेला माणूस. दिल्लीतल्या मराठी माणसाने काय करावं आणि काय करू नये हे ते न विचारता सांगतात. वैभवी एका कोपऱ्यात बसली होती. ती म्हणाली, "नाशिकचं माझ्या भावाचं पथक ढोल परत घ्यायला तयार आहे. रविवारचा टेम्पो सांगून ठेवलाय. मला आता भांडायची ताकद नाही रे."

 आणि हेरंबच्या तोंडून निघालं, "शेड बांधू ना. मी बांधतो."

सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं. मग कुमुदिनीकाकूंनी प्रेमाने विचारलं, "पडद्याची दांडी बसली का रे तुझी?"

बसली नव्हती. पण तो मुद्दा नव्हता.

जागा मिळाली श्याम भाटीची. सोसायटीला दूध घालतो तो. भिंतीपलीकडे त्याचं शेत आहे आणि ट्यूबवेलच्या खोलीशेजारी एक तुकडा रिकामा पडलेला. "बना लो जी," तो म्हणाला. "बप्पा का काम है. बस एक बात. बगल वाला खेत मेरे ताऊ के लड़के महिपाल का है. उससे कोई बात मत करना." दोघा चुलतभावांचं पाण्यावरून वाजलं होतं आणि बोलणं बंद होतं. हेरंबला यात काहीच अवघड वाटलं नाही. ज्या माणसाला आपण ओळखत नाही त्याच्याशी न बोलणं हे तर त्याला रोजच जमतं.

बांधकाम तो व्हिडिओवर शिकला. एक दाढीवाला अमेरिकन बाबा आपल्या घरामागे खांब रोवून, वर पत्रे टाकून एवढं मोठं गोदाम उभं करतो, तेही शिट्टी वाजवत. त्याचे खांब लाकडाचे. हेरंबने ठरवलं, आपले लोखंडी पाइपचे. बाबा सारखा एकच धोका सांगत होता, की जमीन थंडीत गोठते, फुगते आणि खांब वर ढकलते, म्हणून गोठणाऱ्या थराच्या खाली जा. हेरंबने श्यामला विचारलं, "यहाँ ज़मीन कितने नीचे तक जमती है?"

श्यामने दुधाची किटली खाली ठेवली. "भाईसाब, जाड़े में यहाँ दही ढंग से नहीं जमता. ज़मीन क्या जमेगी?"

सल्ले तर काय, लिफ्टमध्ये मिळत होते. चौदाव्या मजल्यावरचे एक साहेब म्हणाले, पाइप गोल नको, चौकोनी घे. बाराव्या मजल्यावरचे म्हणाले, चौकोनी अजिबात नको. तळमजला येईपर्यंत दोघांचं एकमेकांत जुंपलं होतं आणि हेरंब बटाटे आणायला आला होता हे विसरून परत वर गेला. ऑफिसातल्या अंशुमनने तर शेडचं थ्रीडी डिझाइन करून दिलं, त्यात काचेचा दरवाजा आणि कॉफीची जागा होती. वेल्डर नफीसभाई म्हणाले, "आप टेंशन मत लो, मैंने पेट्रोल पंप की छत बनाई है." कुठला पंप ते विचारल्यावर म्हणाले, "अब नहीं है."

पाइप आणायचीही कथाच झाली. ई-रिक्षात पाइप भरले तर अर्धे मागे बाहेर. रिक्षावाला म्हणाला, टोकाला लाल कपडा बांधा. लाल कपडा नव्हता, पथकाचा भगवा फेटा होता, तो बांधला. जागा वाचवायला येताना दुरुस्तीला दिलेले दोन ढोलही त्यातच ठेवले आणि एक ढोल मांडीवर घेऊन हेरंब पुढे बसला. चौकात हवालदाराने हात केला.

"जुलूस की परमिशन?"

"जुलूस नहीं है सर. पाइप हैं."

"झंडा लगा है, ढोल है, नेता आगे बैठा है. और जुलूस कैसा होता है?"

हेरंबला आयुष्यात पहिल्यांदा कोणी नेता म्हटलं आणि त्यावर दंड भरायला लावला. फेटा सोडवून खिशात घालायला लागला. पुढच्या चौकात दुसऱ्याने पकडलं, पाइपच्या टोकाला कपडा का नाही म्हणून.

आता मुहूर्तमेढ. इथून खरं सुरू होतं.

तात्याराव म्हणाले, "मांडव असो, शेड असो, मेढ रोवल्याशिवाय एक खड्डा खणायचा नाही." हेरंबची योजना वेगळी होती. आधी दोरी लावून चारी कोपरे आखायचे, मग खड्डे. पण मुहूर्त सकाळी लवकरचा होता आणि आखणी व्हायची होती. "दोरी मग लाव," तात्याराव म्हणाले. "ईशान्येचा खांब आधी. ईशान्य काय पळून जात नाही."

तीच पळून गेली.

हेरंबने मोबाइलमधलं होकायंत्र उघडलं. तो उभा होता पाइपच्या ढिगाला टेकून. एवढ्या लोखंडाशेजारी होकायंत्राने जी दिशा दाखवली ती ईशान्य नव्हती, ती होकायंत्राची बुद्धी फिरल्याची दिशा होती. पण हे कळायला शाळेतलं विज्ञान आठवायला लागतं, आणि सकाळी सहाला चहा न पिता कोणाला काय आठवतं? तो हात सरळ धरून चालत सुटला. मागे कुमुदिनीकाकू ताट घेऊन. काकूंच्या मागे तात्याराव. पावसाने गवत माजलेलं, शेतामधला बांध कुठे सुरू होतो कुठे संपतो काही दिसत नव्हतं. श्याम दूध घालायला गेला होता. "इथे!" तात्याराव म्हणाले. "मुहूर्त टळतोय."

खड्डा झाला. पाइपला हळदीकुंकू, आंब्याचा टाळा, सुपारी, लाल फडक्यात बांधलेला नारळ. काकूंनी ओवाळलं. नफीसभाईंनी काँक्रीट ओतलं, आणि ओततच राहिले. हेरंब म्हणाला, "बस, बस." ते म्हणाले, "पूजा वाला खंभा है बेटा. इसको कच्चा छोड़ूँगा तो मेरी बदनामी होगी." सगळ्या शेडचं अर्धं सिमेंट त्या एका खड्ड्यात गेलं.

इथे एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. मेढ बांबूची असते. मातीत रोवलेली. म्हणजे चुकली तर हळूच सरकवता येते, आणि इतकी वर्षं आपल्याकडे किती मेढी हळूच सरकल्या असतील कोण जाणे. काँक्रीटमधली लोखंडी मेढ ही बहुधा हेरंबच्याच नावावर लागेल.

दुपारी श्याम आला, बघितलं, आणि डोक्याला हात लावून खाली बसला. "ये तो महिपाल के खेत में गाड़ दिया."

महिपालला तोपर्यंत कळलं होतं. तो आला, गावातली चार माणसं घेऊन आला, आणि खांबापासून लांब उभा राहिला. हेरंबला वाटलं होतं की तो जमिनीबद्दल बोलेल. तो बोलला म्हशीबद्दल.

"आज सुबह से मेरी भैंस ने दूध नहीं दिया. और यहाँ लोहा गड़ा है. हल्दी लगी है. लाल कपड़े में नारियल बँधा है." मग श्यामकडे बोट. "तूने टोटका करवाया है. बाहर से आदमी बुला के."

"मैं टोटके वाला नहीं हूँ, सॉफ्टवेअर इंजीनियर हूँ," हेरंब म्हणाला.

"आजकल सब ऑनलाइन होता है," गर्दीतलं कोणीतरी म्हणालं.

काढा म्हणावं तर कसं काढणार? महिपाल हात लावू देईना; टोटक्याला, म्हणजे करणीला, भलत्या माणसाने हात लावला की तो उलटतो. ज्याने बांधला त्यानेच सोडवावा. बरं, हेरंब सोडवायला पुढे झाला तर तात्याराव आडवे. "कार्य व्हायच्या आत मेढ उपटायची? गणपती तोंडावर असताना? माझ्या डोळ्यांदेखत नाही." लेखपालांना, म्हणजे इकडच्या तलाठ्यांना, बोलावलं. ते मोटरसायकलवरून न उतरताच म्हणाले की दुसऱ्याच्या शेतातला खांब हटवायला अर्ज लागेल, आणि ठेवायलाही अर्ज लागेल, आणि अर्जाचा निकाल लागेपर्यंत खांब होता तसाच ठेवावा. निदान या बाबतीत सरकार आणि तात्याराव एकमताचे निघाले.

सोसायटीत बातमी पोचली. आता लिफ्टमधले सल्ले बदलले. कापून टाक. सोडून दे. माफी माग. टेम्पो तर सांगितलेलाच आहे ना? अध्यक्ष लॉबीत भेटले आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बेटा, हर आदमी हर काम के लिए नहीं बना."

हेरंबचा खरं म्हणजे मुहूर्तावर काडीचा विश्वास नाही. मेढ उपटली असती तर त्याला रात्री छान झोप लागली असती. पण अध्यक्षांचा तो हात खांद्यावर पडला आणि त्याच क्षणी त्याच्या डोक्यात ठरलं, की हा पाइप आता जागचा हलणार नाही. तो शेतावर गेला आणि नफीसभाईंना म्हणाला, "बाकी खंभे इस खंभे के हिसाब से लगाओ."

"टेढ़ा बनेगा."

"बनने दो."

मग तशीच बनली. बाकीचे सगळे खांब श्यामच्या जमिनीत, ट्यूबवेलच्या भिंतीला धरून, शिस्तीत. आणि एक कोपरा हात लांब करून महिपालच्या शेतात गेलेला, गर्दीत चपला शोधणाऱ्या माणसासारखा. छप्पर पेलणारी वरची कैची, आडवे पाइप, सगळं वेल्ड झालं. राहिला तो एक कोपरा. कारण त्या खांबाशेजारी महिपालने खाट टाकली, हुक्का ठेवला आणि तो बसून राहिला. तो कोपरा जोडल्याशिवाय पत्रे चढेनात. हेरंबही रोज ऑफिस सुटलं की तिथे जाऊन प्लास्टिकच्या खुर्चीत बसायचा. समोरासमोर. दोघंही बोलायचे नाहीत. डास मात्र दोघांनाही सारखेच चावायचे.

रविवार आला. आभाळ गच्च भरलेलं. गेटवर टेम्पो उभा, गार्डनी ढोल बाहेर आणून रचलेले, आणि ओलाव्याने ढोलाचं पान, म्हणजे वरचं कातडं, एकदा ढिलं पडलं की ढोल वाजत नाही हे पथकातल्या प्रत्येकाला माहीत. वैभवी ढोल चढवून घेत होती. मोजत नव्हती, नावं घेत होती. हा प्रसन्नचा, हा मृणालचा, हा फाटका. हेरंबकडे तिने बघितलंच नाही.

"वैभवी, एक तास दे."

"एक तासात काय होणारे, हेरंब? तू खूप केलंस. खरंच. चलो, सोड आता."

ती रागावली असती तर चाललं असतं. ती समजूत काढत होती. हेरंब ड्रायव्हरशेजारी चढून बसला. "भैया, सीधा नहीं. आगे से लेफ्ट."

"मॅडम ने नासिक बोला है."

"नासिक लेफ्ट से ही जाते हैं."

वैभवी मागून ओरडत स्कूटीवर आली. तिच्या मागे तात्याराव आणि काकू रिक्षाने. टेम्पो शेतात जाऊन थांबला आणि हेरंबने एकेक ढोल उतरवून त्या बिनछपराच्या सांगाड्याखाली ठेवायला सुरुवात केली. महिपाल खाटेवर उठून बसला.

"ये क्या कर रहा है?"

"सामान रख रहा हूँ."

"छत तो है नहीं."

"आप उठोगे तो हो जाएगी."

"मैं नहीं उठता. पहले खंभा निकाल."

"खंभा नहीं निकलेगा, भाईसाब," हेरंब म्हणाला. हातातला ढोल त्याने खाली ठेवला. "ग़लती मेरी है. पूछे बिना गाड़ा, वो मेरी ग़लती. आप चाहो तो रोज़ गाली दो, मैं रोज़ आके सुनूँगा. पर खंभा नहीं निकलेगा. ये ढोल आज नासिक गए तो वापस नहीं आएँगे."

"और मेरी भैंस?"

 आणि पहिले थेंब पडायला लागले.

तेव्हा कुमुदिनीकाकू पुढे झाल्या. पदर खोचला, सरळ खांबापाशी गेल्या आणि लाल फडकं सोडायला लागल्या.

"अगं, अगं!" तात्याराव ओरडले. "तो मेढीचा नारळ आहे! कार्य झाल्याशिवाय..."

"देव समजून घेईल हो," काकू म्हणाल्या. "म्हैस नाही घेणार."

त्यांनी नारळ खांबावरच आपटला. दोन शकलं. एकातून खोबऱ्याचा तुकडा काढून सगळ्यांदेखत तोंडात टाकला, सावकाश चावला, गिळला, आणि दुसरा तुकडा महिपालसमोर धरला. काकूंना दिल्लीत इतकी वर्षं झाली पण त्यांचं हिंदी अजून गाडी बदलून येतं. "भाऊ, टोटका होता, तो मैं खाती क्या? मेरेको क्या मरने का है? हमारे में शुभ काम का पहला खंभा ऐसाच लगाते. तुम्हारे खेत में लग गया. तो शुभ किसका हुआ? तुम्हाराच ना?"

महिपालने तुकड्याकडे बघितलं. काकूंकडे बघितलं. त्या अजून जिवंत होत्या. त्याने तुकडा घेतला, हुंगला, आणि खाल्ला. मग वर, बिनपत्र्याच्या सांगाड्याकडे बघितलं.

"छत कहाँ तक आएगी?" शेवटी त्याने विचारलं.

"इस खंभे तक."

"तो इतनी छाया मेरे खेत में पड़ेगी." हाताने त्याने तो तिरका कोपरा दाखवला. "उसमें मेरी भैंस बँधेगी."

"मेरी ज़मीन के खंभों पे इसकी भैंस?" श्याम उसळला. पाण्यावरून वाजल्यापासून त्याने महिपालला ऐकवलेलं हे पहिलं वाक्य होतं. महिपालने त्याला उत्तर दिलं. ते इथे छापण्यासारखं नाही, पण दोघं बोलायला लागले हे खरं. आणि बोलता बोलता, एकमेकांच्या खानदानाचा उद्धार करत, दोघांनी खाटेची दोन टोकं धरून ती बाजूला नेली.

नफीसभाईंनी ताडपत्री डोक्यावर धरून तो कोपरा वेल्ड केला. पत्रे चढले. सरळ पत्रे तिरक्या शेडवर जसे बसतात तसेच बसले, चुकीचं बटण लावलेल्या शर्टासारखे. पण पाणी बाहेर पडत होतं आणि ढोल आत होते. संध्याकाळी महिपाल म्हैस घेऊन आला. वैभवीने एका ढोलावर हलकंसं टिपरू टाकून बघितलं. म्हशीने एकदा मान वळवली, ढोलाकडे बघितलं, आणि परत चारा खायला लागली. अध्यक्षांपेक्षा पुष्कळ बरी प्रतिक्रिया.

तर फोटो तेवढाच आहे. शेड पतंगासारखी दिसते, कबूल. एका बाजूला ढोल, एका बाजूला म्हैस, हेही कबूल. ग्रुपवर हेरंबने एकच ओळ टाकली, 'शेड है. खड़ी है. देखने आ जाओ, जूते गंदे होंगे.' आणि ग्रुप म्यूट केला.

मिरवणुकीच्या आदल्या संध्याकाळी सराव संपला, पोरं गेली, आणि वैभवी उलट्या घमेल्यावर बसून राहिली. वर एक पत्रा वाऱ्याने खडखडत होता.

"तो उडणार," ती म्हणाली.

"उडेल. परत लावू."

"आणि महिपालचं डोकं फिरलं तर? लेखपाल आला तर? अध्यक्ष इथपर्यंत पोचले तर?" ती हसत नव्हती. "मी त्या दिवशी खरंच सोडून दिलं होतं, हेरंब. पुढच्या वर्षी परत सोडून दिलं तर?"

"तू सोडलंस तर सोड. मी नाही सोडणार."

"म्हणजे काय करशील?"

"शब्द देतो तुला. ह्या शेडला छप्पर असो नाहीतर नसो, ढोल इथेच राहतील. सगळे पत्रे उडाले ना, तर एक पत्रा डोक्यावर धरून मी इथे उभा राहीन. पण टेम्पो नाशिकला जाणार नाही."

वैभवीने त्याच्याकडे नीट बघितलं. "पावसात?"

"पावसात."

"म्हशीशेजारी?"

हेरंबने म्हशीकडे बघितलं. म्हशीने त्याच्याकडे. तिने शेपूट फिरवलं ते नेमकं त्याच्या कानावर बसलं.

"म्हशीशेजारी," तो म्हणाला.